मीठ सोडलं ते वर्ष

डॉक्टरांनी विचारलं, "दारू पिता का?" आणि विचारलं ते बाबांना. आजारी होती आई.

ही गोष्ट सांगायला घेतली की मी इथूनच सुरू करते आणि इथेच अडकते. कल्याणच्या त्या दवाखान्यात आम्ही तिघं होतो. तपासायच्या खाटेवर पाय लोंबते सोडून बसलेली आई, शेजारी स्टुलावर मी, आणि दाराला टेकून उभे बाबा, कारण दुसरं स्टूल नव्हतं. डॉक्टरांनी आईच्या छातीवर यंत्र फिरवून तिचं हृदय पडद्यावर पाहिलं होतं. मग ते खुर्चीत बसले, चष्मा काढला, आणि आईवरची नजर उचलून थेट बाबांच्या तोंडाकडे बघत त्यांनी तो प्रश्न टाकला. बाबांच्या डोळ्यांचा रंग बघून कुणीही टाकला असता. बाबांनीही आढेवेढे घेतले नाहीत. "घेतो की सायेब. रोज नाय, पन घेतो," म्हणाले. त्यातलं 'रोज नाय' एवढं साफ खोटं होतं.

मग डॉक्टरांनी बाबांना फैलावर घेतलं. बायको मरमर मरते, तुम्ही पिऊन पडता, तिच्या हृदयाची काय दशा झालीय ती बघा. बाबा मान खाली घालून ऐकत होते. आईसुद्धा ऐकत होती, आणि तिला ते ऐकून बरं वाटत होतं असं मला स्पष्ट आठवतं. इतक्या वर्षांनी एक शिकलेला माणूस तिच्या नवऱ्याला झापत होता.

बाबांचं झाल्यावर त्यांनी आईला विचारलं. मोठा ताप कधी आला होता का, शेवटचं बाळंतपण कधीचं, साखर आहे का, रक्तदाब आहे का, माहेरी कुणाला असं झालं होतं का. मी मधे बसून त्यांचं बोलणं तिला आणि तिचं त्यांना सांगत होते, कारण आईची घरची बोली त्यांना कळत नव्हती आणि त्यांची मराठी आईच्या कानावरून निघून जात होती. दारूचं त्यांनी तिला विचारलं नाही. आणि मी सांगितलं नाही.

का नाही सांगितलं, हे मला आजही धड सांगता येत नाही. कधी वाटतं लाज वाटली. कधी वाटतं ते डोक्यातच आलं नाही, अगदी देवाशपथ आलं नाही. दोन्ही एकाच वेळी खरं कसं असेल, असं कुणीही विचारेल. पण आहे तसंच.

माझी आई धवलेरी होती. आमच्याकडे लग्न लावायला भटजी येत नाही, धवलेरी येते. मांडवात बसून ती धवला गाते. धवला म्हणजे लग्नाची गाणी, आणि ती गाणी म्हणजेच लग्न. कुठल्या देवाला कधी बोलवायचं, हळद कधी लावायची, नवरा-नवरीला समोरासमोर कधी उभं करायचं, सगळं त्या गाण्यात असतं. गाणं पुरं झाल्याशिवाय लग्न लागलं असं कुणी मानत नाही. आईला ते तिच्या आत्याकडून मिळालं होतं. लिहिलेला एक कागद नव्हता. वैशाखऱ्याच्या वरच्या अंगाला आमचा पाडा. तिथून घाटाच्या पायथ्यापर्यंत आणि खाली मुरबाडच्या बाजूला जेवढे पाडे होते, तेवढ्या सगळ्यांकडून तिला बोलावणं यायचं. फाल्गुन लागला की आई घरात सापडायची नाही.

आणि धवल्याला मोहाची, म्हणजे मोहाच्या फुलांची दारू लागते. धवलेरी मांडवात बसली की लग्नघरची बाई पळसाच्या पानाचा द्रोण भरून तिच्यापुढे ठेवते. धवलेरी त्यातले चार थेंब जमिनीवर सोडते, देवांसाठी आणि गेलेल्या माणसांसाठी. उरलेलं ती स्वतः घेते. मग गाणं उघडतं. आमच्याकडे असंच म्हणतात, गाणं उघडलं. पुढच्या टप्प्याला पुन्हा द्रोण, त्याच्या पुढच्याला पुन्हा. नाही घेतलं तर लग्नघराला वाटणार, धवलेरी आपल्यावर नाराज आहे, आणि सगळा मांडव काळजीत पडणार. म्हणजे आई पीत होती असं म्हणायचं का? मला तर ते भटजींनी आचमन करावं तसं वाटायचं. शाळेत पुढे आचमन म्हणजे काय ते कळल्यावर तर अगदी पक्कंच वाटायला लागलं.

पण खरं सांगायचं तर लग्नापुरतंच नव्हतं. गळा बसू नये म्हणून संध्याकाळी चुलीपाशी एक वाटी असायची. लावणीच्या दिवसांत चिखलातून थंडगार होऊन आली की एक. थंडीत सकाळी बाहेर पडायच्या आधी एक. ती कधी अडखळली नाही, तिची जीभ कधी जड झाली नाही, तिनं कधी कुणावर हात उचलला नाही. भाकऱ्या वेळेवर, गुरं वेळेवर, सगळं वेळेवर. आमच्या घरात पिणारा माणूस म्हणजे बाबा. ते बाजाराच्या दिवशी मुरबाडला जायचे आणि परत येताना त्यांना जीपमधून उतरवून घ्यायला दोन माणसं लागायची. उतरल्यावर ते रस्त्याच्या कडेला बसून हिंदी गाणी म्हणायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्या एसटीला सलाम करायचे. असा एक माणूस घरात असला की बाकीचे सगळे आपोआप न पिणारे ठरतात.

मी आश्रमशाळेत शिकले. सातवीत 'दारूचे दुष्परिणाम' या विषयावर निबंध लिहून पहिला नंबर काढला आणि कंपासपेटी मिळवली. सगळा निबंध बाबांवर होता. फक्त 'माझे बाबा' असं न लिहिता 'एक इसम' असं लिहिलं होतं. सुट्टीत घरी आल्यावर मी तो आईला मोठ्यानं वाचून दाखवला. ती चुलीसमोर बसली होती, हातात वाटी. शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "ग्वाड लिवलास गो." वाटीतलं संपवलं आणि तवा चढवला. मलाही त्यात काही विचित्र वाटलं नाही, आणि तिला तर नाहीच नाही.

पुढे डीएड झालं आणि शहापूर तालुक्यातल्या दोन शिक्षकी शाळेत मी शिक्षण सेवक म्हणून लागले. आसनगावला खोली घेतली. शनिवारी शाळा सुटली की किन्हवलीवरून जीप बदलत सरळगावला यायचं आणि तिथून वैशाखऱ्याची एसटी धरायची, असं माझं चाललं होतं. तेव्हाच कधीतरी आईचा श्वास कमी पडायला लागला. नेमका कधी, ते तिला सांगता आलं नाही आणि मला माहीत नव्हतं. मला कळलं ते एका लग्नात. माझ्याच चुलतबहिणीचं लग्न, म्हणून मी रजा टाकून आले होते. भर दुपारी आई हळदीचं गाणं म्हणत होती आणि ओळीच्या मध्येच थांबली. जिथे कुणीच थांबत नाही अशा जागी. तोंड उघडं ठेवून तिनं दोन वेळा श्वास ओढला आणि उरलेली ओळ म्हटली. बायकांनी एकमेकींकडे बघितलं. माझी आत्या, म्हणजे बाबांची बहीण, माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "तुजे आयशीचा धवला तुटला. बरा नाय ह्या."

त्यानंतर पाय सुजले. अंगठा दाबला की खड्डा पडायचा आणि तसाच राहायचा. आडवं झालं की तिला गुदमरायला व्हायचं, म्हणून भिंतीला टेकून झोपायची. पाड्यावर म्हणाले, धवला तुटला त्याचं हे, कुठला तरी देव बोलवायचा राहिला. मग भगताकडे जाणं झालं, कोंबडा झाला. आत्या रोज कोमट मोहाची घेऊन तिचे पाय चोळायची आणि चोळून उरलेली आईला प्यायला द्यायची, आतून ऊब मिळावी म्हणून. मी मास्तरीण, मी वैतागले. भगतावर, कोंबड्यावर, आत्यावर. कुठलाही देव राहिलेला नाही, हा आजार आहे, असं मोठ्या तोऱ्यात सांगून आईला आणि बाबांना घेऊन मी कल्याण गाठलं. आत्याच्या वाटीवर मात्र मी वैतागले नव्हते. तिच्यावर वैतागले ते वेड्यासारखं पाय चोळत बसते म्हणून.

तर तो दवाखाना. डॉक्टर म्हणाले की हृदयाचा स्नायू ढिला पडला आहे, हृदय पसरलं आहे, ते रक्त नीट पुढे ढकलू शकत नाही, म्हणून पाणी पायांत आणि छातीत साठतं. मी विचारलं, कशानं झालं? ते म्हणाले, पुष्कळ कारणं असतात, कधी कारण सापडतच नाही. मग माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "अजून काही सांगण्यासारखं आहे का, मॅडम?"

मॅडम. ते माझ्या अंगावरच्या इस्त्रीच्या साडीला आणि खांद्यावरच्या पर्सला म्हणाले होते. मागे सिस्टर उभी होती. आत येताना तिनं आईच्या गुडघ्यावर नेसलेल्या लुगड्याकडे आणि मग माझ्याकडे बघून विचारलं होतं, "ह्या तुमच्या कोण?" आमच्या आदिवासी बायका पितात, हे अशा लोकांना आधीच ठाऊक असतं, किंवा ठाऊक आहे असं त्यांना वाटतं. ते माझ्या तोंडून त्यांना मिळायला नको होतं. हे सगळं मी तेव्हा विचार करून ठरवलं की नंतर स्वतःला समजावण्यासाठी जुळवलं, मला खरंच कळत नाही. तोंडातून निघालं ते एवढंच: "नाही, डॉक्टर."

बाहेर बाकावर बसल्यावर आईनं विचारलं, "काय बोलला?"

"हृदय थकलंय. गोळ्या घ्यायच्यात. लघवी जास्त होईल, घाबरू नको. आणि मीठ बंद."

"आनि?"

"बास."

यातलं एकही अक्षर खोटं नव्हतं. मीठ बंद असं डॉक्टरांनी खरोखर सांगितलं होतं. मी स्वतःला हे इतक्या वेळा सांगितलंय की आता त्याचा काही उपयोग होत नाही.

आईनं मीठ सोडलं. तिनं ते कसं सोडलं हे बघायला हवं होतं. ज्या बाईनं शेकडो ओळी एका अक्षराचा फरक न करता आयुष्यभर सांभाळल्या, तिला 'मीठ बंद' म्हणजे काय ते दोनदा सांगावं लागत नाही. आमटीत मीठ नाही, भाताच्या पेजेत नाही. सुकट, जवळा, बोंबील, सगळं खारवलेलं म्हणून घरातून हद्दपार. कैरीची फोड चाटायची नाही. लग्नघरी तिच्यासाठी वेगळं शिजवावं लागायचं आणि बायका कुरकुरायच्या, पण ती हलायची नाही. पाड्यावर कुणी भेटलं की सांगायची, "मीठ सोडलाय मी. पोरीनं सांगितलाय, डाक्टरचा आयकून." मला अभिमान वाटायचा. वर्गातल्या हुशार मुलीचा वाटावा तसा.

गोळ्यांनी सूज उतरली. मी निर्धास्त झाले.

पण अळणी अन्न घशाखाली उतरेना. नाचणीची भाकरी आणि अळणी डाळ, एक घास घ्यायची आणि तोंडात फिरवत बसायची. मग जेवायच्या आधी एक वाटी घ्यायला लागली, तोंडाला चव यावी म्हणून. मग जेवताना एक. एका शनिवारी मी घरी पोचले तेव्हा ती जेवायला बसली होती. वाटी उचलली, आणि काय वाटलं कोण जाणे, माझ्याकडे बघून तिनं विचारलं, "ह्यात मीठ नसतं ना गो?"

"नाही," मी म्हटलं, "त्यात मीठ नसतं."

ती समाधानानं प्यायली. मी चप्पल काढून हातपाय धुवायला गेले.

हे वाक्य मी किती वर्षं कुणाला सांगितलं नाही. आता सांगितलं की ऐकणारा माझ्याकडे बघतो आणि मला कळतं, याला वाटतंय ही मूर्ख आहे किंवा लबाड आहे. मी त्या वेळी दोन्ही नव्हते. तिनं विचारलं होतं मिठाबद्दल, आणि मोहाच्या वाटीत खरंच मीठ नसतं.

फाल्गुन आला. त्या वर्षी लग्नं खूप होती. आई गेली, गोळ्यांची पुडी कमरेला बांधून. मीठ नाही, गोळ्या वेळेवर, आणि धवल्याचे द्रोण नेहमीसारखे. चैत्रात शाळेजवळच्या किराणा दुकानात मला फोन आला. फोनवर चुलतभाऊ होता. काकू बसल्या जागी निळी पडली, जीपमध्ये घालून मुरबाडला आणलीय, म्हणाला. मी हजेरीपट शाळेतल्या दुसऱ्या बाईंच्या हातात देऊन निघाले. वाटेत सारखी डॉक्टरांना शिव्या देत होते, मनातल्या मनात, की कसल्या गोळ्या दिल्या यांनी.

मुरबाडच्या सरकारी दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होती. माझ्याच वयाची असेल. देशावरची, बोलण्यावरून कळत होतं. मी पोचले तोवर आईच्या नाकाला नळी लागली होती आणि ती उशांना टेकून बसली होती. डॉक्टरीण खाटेवर बसून तिचे जुने कागद वाचत होती. मग कागद मांडीवर ठेवून तिनं आईलाच विचारलं, "मावशी, तुम्ही घेता का?"

आईनं भाकरी खाता का असं विचारल्यासारखं सांगितलं, "घेते ना. धवल्याला लागतेच."

"किती?"

आई सांगत गेली. द्रोणाचं सांगितलं, सकाळच्या वाटीचं, संध्याकाळच्या वाटीचं, लावणीचं. जेवणाआधीच्या नव्या वाटीचंही सांगितलं आणि ती का सुरू झाली तेही. डॉक्टरीण बोटांवर काहीतरी हिशेब करत होती. तिचा चेहरा बघून मीही करायला लागले, आयुष्यात पहिल्यांदा. रोजची बाटलीभर तरी होत होती. पंचवीस वर्षं. बाबांपेक्षा जास्त. बाबा तर आठवड्यातून तीन दिवस झोपलेलेच असायचे.

"हे आधीच्या डॉक्टरांना सांगितलं होतं?" तिनं विचारलं.

"त्यांनी मला नाय इचारला," आई म्हणाली. "ह्यांना इचारला."

डॉक्टरणीनं मांडीवरचे कागद मिटले. मग सावकाश, आईला कळेल अशा शब्दांत तिनं सांगितलं की तुमचं हृदय दारूनं ढिलं पडलंय. आता एक थेंब नाही. सोडली तर हृदय थोडंफार सावरतं, कुणाचं जास्त, कुणाचं कमी. नाही सोडली तर गोळ्या काही करू शकणार नाहीत.

मी मधे बोलले. मला राहवलं नाही. "पण माझे बाबा तर... ते किती पितात. त्यांचं हृदय ठणठणीत आहे."

"असतं काहींचं," ती म्हणाली. "का ते मला नाही सांगता येणार."

मी पुन्हा विचारलं, वर्षापूर्वी सोडली असती तर? ती माझ्याकडे बघत राहिली, आणि तिला समजलं असावं. "ते पण नाही सांगता येणार," म्हणाली. ती चांगली बाई होती.

पाच दिवसांनी आईला घरी सोडलं. आम्ही शेअर जीपमध्ये मधल्या सीटवर बसलो होतो, आई खिडकीशी. टोकावडं मागे पडलं. मग बाहेर बघत म्हणाली, "मंग मीठ उगाच सोडला?"

"नाही आये. मीठ पण नकोच होतं. दोन्ही नको होतं."

"तुला ठावं होता?"

काय सांगू? मला ठाऊक होतं की ती घेते. घेतल्यानं हृदय ढिलं पडतं हे ठाऊक नव्हतं. पण डॉक्टरांनी बाबांना विचारलं तेव्हा त्यांना काहीतरी माहीत असल्याशिवाय का विचारलं असतं, एवढं तर मला कळायला हवं होतं. कळलं होतं का? मी सातवीत दारूवर निबंध लिहिला होता. त्यात हृदय होतं का, तेही मला आठवेना. मी म्हटलं, "मला सांगायचं सुचलं नाही."

मग माझ्याकडे वळून, रागानं नाही, खरंच न कळून, तिनं विचारलं, "मी तर कधी लपवला नाय. तू कशाला लपवलास गो?"

जीपमध्ये अकरा माणसं होती. मी रडले, सगळ्यांसमोर. एका म्हाताऱ्यानं मला सरकून जागा करून दिली.

आईनं सोडली. मीठ सोडलं होतं तशीच सोडली. आत्यानं एकदा वाटी पुढे केली तेव्हा आईनं ती उचलून कोंबड्यांपुढे ओतली. पहिले आठ दिवस तिचे हात कापायचे, घाम यायचा, चिडचिड व्हायची. डॉक्टरीणबाईंनी त्यासाठी वेगळ्या गोळ्या दिल्या होत्या. मग ते थांबलं. पावसाळ्यानंतर तपासणी केली तर हृदय थोडं सावरलं होतं. थोडंच, पण कागदावर तसं लिहून आलं होतं. बाबांनी मात्र तेवढीच चालू ठेवली, आणि त्यांचा मला इतका राग यायचा की मी त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं. तो राग त्यांचा होता की माझा स्वतःचा, देव जाणे.

पुढच्या वर्षी तिनं एकच लग्न लावलं. आमच्याच पाड्यावरचं. दुपारची वेळ, मांडवात सगळ्या बायका जमल्या होत्या, आणि आईपुढे द्रोण आला. तिनं चार थेंब जमिनीवर सोडले. मग द्रोण तिरपा केला आणि उरलेलंही सगळं जमिनीवरच सोडलं. कुजबुज झाली. नवरीची आई घाबरीघुबरी होऊन म्हणाली, "गाना उघडंल का पन?" आईनं डोळे मिटले आणि सुरू केलं.

गाणं उघडलं. मी ते ऐकलंय, तिथे होते मी. आवाज तोच होता. पण श्वास पुरेना. दोन ओळी म्हणायची, थांबायची, पुन्हा दोन. बायका तिच्यासाठी थांबत होत्या, कुणी चुळबुळ केली नाही. लग्न लागायला तिन्हीसांज झाली. त्यानंतर ती कुणाकडे गेली नाही. बोलावणं आलं तर म्हणायची, दुसरी बघा. आता मला प्रश्न पडतो की ती मोहाची तिचा गळा उघडत होती की तिचं काळीज खात होती. दोन्ही एकाच द्रोणातून चाललं होतं, आणि एवढी वर्षं आमच्यापैकी कुणालाच दिसलं नाही. किंवा मला दिसलं होतं.

त्या लग्नानंतर ती दीड वर्ष जगली. भाताची कापणी उरकून खळ्यात झोडणी चालली होती. ती खळ्याच्या कडेला पेंढ्याला टेकून बसली होती आणि तशीच राहिली. कुणाला वाटलं डोळा लागलाय. शेवटपर्यंत ती अळणीच जेवत होती. मी शनिवारी यायचे तेव्हा माझ्या ताटात वेगळं मीठ वाढायची आणि म्हणायची, "तुला कोनी मना केला नाय. तू खा."

बाराव्या दिवशी तिच्या नावाचं पान वाढायचं होतं. पान ठेवलं की आमच्याकडे आधी द्रोण ठेवतात. आत्यानं भरलेला द्रोण बाबांच्या हातात दिला. मी पुढे झाले, नको म्हणणार होते. अडीच वर्षं तिनं एक थेंब घेतला नव्हता, केवढ्या निग्रहानं. आत्या म्हणाली, "धवलेरी होती ती. तिला नाय द्यायची तर कोनाला?" मी बाजूला झाले. डॉक्टरीणबाई असत्या तर त्याही झाल्या असत्या. बाबांनी कापऱ्या हातानं द्रोण पानाशी टेकवला. त्या दिवशी ते स्वतः प्यायले नव्हते, सकाळपासून, मला वासावरून कळत होतं.

मग जेवण वाढायचं मी घेतलं. भात, डाळ, आणि मुद्दाम सरळगावच्या बाजारातून आणलेला सुका बोंबील, चुलीवर भाजलेला. शेवटी मिठाचं भांडं उचललं, मूठ भरून घेतली आणि पानाच्या कोपऱ्यात रिकामी केली.

"येवढा?" आत्या म्हणाली.

"एवढं," मी म्हटलं.